बँडसॉचं ब्लेड: निवडणं, चढवणं आणि सांभाळणं

माझ्याकडे बँडसॉ, म्हणजे दोन चाकांवर फिरणाऱ्या पट्टीच्या ब्लेडची करवत, आला तेव्हा पहिले दोन महिने मी त्याच्याशी भांडतच होतो. फणसाची आठ इंच उंचीची फळी उभी धरून मधोमध चिरायला घेतली की वरून चीर अगदी रेघेवर दिसायची, आणि दोन्ही भाग वेगळे केले की आत पोट आलेलं. एका फळीला फुगवटा, दुसरीला तेवढाच खड्डा. मी टेबल दहा वेळा गुण्याला लावलं, गाइडचे (ब्लेडला बाजूंनी आधार देणाऱ्या भागांचे) बेअरिंग बदलले, चाकं सूत लावून तपासली. शेवटी एका मित्रानं त्याच्या ओळखीच्या, सॉ मिलवर आयुष्य काढलेल्या मिस्त्रींना आणलं. त्यांनी मशीनकडे बघितलंसुद्धा नाही. ब्लेडला अंगठा लावला, एका इंचातले दात मोजले आणि म्हणाले, "ह्यात भुसा मावणार कुठं?"

ब्लेड इंचाला सहा दातांचं होतं. तीन दातांचं लावलं, आणि त्याच मशीनवर त्याच झाडाची पुढची फळी सरळ निघाली.

तेव्हापासून मी मशीनला पाना लावायच्या आधी ब्लेड बघतो. कापलेलं बिघडलं की दहातल्या आठ वेळा दोष ब्लेडचा, त्याच्या ताणाचा किंवा चुकीच्या निवडीचा निघतो. खाली जे लिहिलं आहे ते लाकूडकामाच्या छोट्या वर्कशॉपसाठी, १४ इंची चाकाचा बँडसॉ डोळ्यांसमोर ठेवून. तुमचं मशीन १८ किंवा २४ इंची असेल तर आकडे बदलतील, पद्धत तीच.

आधी लांबी

दुकानात गेलात की पहिला प्रश्न लांबीचा येतो. पट्टी रोलवरून कापून, टोकं सांधून देतात, त्यामुळे माप तुमचं चुकलं तर ब्लेड परत होत नाही. जुनं तुटलेलं ब्लेड हाताशी असेल तर ते जमिनीवर सरळ पसरून टेपनं मोजा, विषय संपला. नसेल तर वरचं चाक त्याच्या वर-खाली होण्याच्या मध्यावर आणा, दोन्ही चाकांच्या केंद्रांमधलं अंतर मोजा आणि हिशोब करा: चाकाचा व्यास गुणिले ३.१४१६, अधिक केंद्रांमधल्या अंतराची दुप्पट. माझ्या मशीनचं चाक ३५५ मिमी, केंद्रांमधलं अंतर ६२९ मिमी. म्हणजे १११५ अधिक १२५८, जवळजवळ २३७५ मिमी. १४ इंची मशीनचं हे बऱ्यापैकी ठरलेलं माप आहे. मशीनच्या खांबात सहा इंचांचा वाढीव ठोकळा घातला असेल तर ब्लेड बारा इंचांनी वाढतं. सहानं नाही, कारण पट्टी वर जाते तशी खालीही येते. ही चूक मी दोघांना करताना पाहिली आहे.

इंचाला दात किती

लेखातला सगळ्यात महत्त्वाचा भाग हाच.

दोन दातांमधली खोबण म्हणजे भुशाची टोपली. दात लाकडात शिरला की तिथून बाहेर पडेपर्यंत त्यानं काढलेला सगळा भुसा त्याच्या पुढच्या खोबणीत मावला पाहिजे. माझी फळी आठ इंच उंच होती. सहा दातांच्या ब्लेडचे एका वेळी अठ्ठेचाळीस दात लाकडात होते, आणि प्रत्येकाची टोपली इवलीशी. निम्म्या वाटेतच ती भरायची. पुढे जायला जागा नाही म्हणून भुसा बाजूला दाबला जायचा, ब्लेड तापायचं आणि सगळ्यात कमी आधार असतो तिथं, म्हणजे फळीच्या मध्यावर, वाकायचं. पोट येतं ते असं. तीन दातांच्या ब्लेडचे चोवीसच दात लाकडात असतात आणि टोपली मोठी असते.

उलट टोक असं: सहा मिमीच्या प्लायला तेच तीन दातांचं ब्लेड लावलंत तर एका वेळी जेमतेम एक दात लाकडात राहतो. तो आदळतो, ढलपी उडवतो, प्लायची खालची बाजू कुरतडल्यासारखी होते. कधी दातच तुटतो.

म्हणून हिशोब असा ठेवा: निदान तीन दात कायम लाकडात असावेत, सहा ते बारा असतील तर उत्तम, आणि चोविसाच्या वर जाऊ नये. सहा मिमी प्लायला बारा ते चौदा दात. पाऊण ते दीड इंचाच्या रोजच्या फळीला चार ते सहा. सहा इंचांच्या पुढे उभी चिरणी असेल तर तीन किंवा दोन. ओलं लाकूड असेल तर शंका न घेता कमी दातांचं घ्या, कारण ओला भुसा चिकटतो आणि लवकर बाहेर पडत नाही.

दातांच्या आकाराचे तीन मुख्य प्रकार मिळतात. रेग्युलर म्हणजे सरळ उभे, जवळजवळ दात. हे सफाईच्या कापाला. स्किप म्हणजे मधले दात गाळल्यासारखे दूर दूर, मऊ आणि चिकट लाकडाला. हुक म्हणजे पुढे झुकलेले दात. लाकडात स्वतःहून चावा घेतात, जाड आणि कठीण लाकडाच्या उभ्या चिरणीला हेच.

आणि एक बघा: दात एक डावीकडे, एक उजवीकडे वाकवलेला असतो, काही ब्लेडांत तिसरा सरळ. ह्याला सेटिंग म्हणतात. त्यामुळे चीर पट्टीपेक्षा रुंद होते आणि पट्टी घासत नाही. ०.६ मिमी जाडीच्या पट्टीची चीर साधारण एक मिमीच्या वर जाते. सर्क्युलर सॉ तीन मिमी खातो. सागाच्या एका जाड फळीतून चार पातळ पट्ट्या काढायच्या असतील तर हा फरक थेट खिशात दिसतो.

रुंदी सुतात

आपल्याकडे अजून सूत चालतं, आणि ब्लेडच्या रुंदीला ते सोयीचंही आहे. आठ सूत म्हणजे एक इंच.

रुंद पट्टी सरळ जाते, अरुंद पट्टी वळते. किती वळते ह्याला मर्यादा आहे. एक सुती ब्लेड सुमारे ५ मिमी त्रिज्येचं वळण घेतं, दीड सुती ८ मिमी, दोन सुती १६ मिमी, तीन सुती ३६ मिमी. चार सुती, म्हणजे अर्ध्या इंचाचं ब्लेड, ६३ मिमीच्या आत वळत नाही. बशीएवढं वर्तुळ झालं म्हणजे त्याची हद्द आली. सहा सुतीला १३८ मिमी लागतात. ह्याहून लहान वळण जबरदस्तीनं घेतलंत तर ब्लेड पिळतं, गाइडला घासून निळं पडतं आणि मग तडकतं.

१४ इंची मशीनवर सहा सुती ब्लेड बसतं, कागदावर चालतंही. पण ते नीट ताणायला जेवढी ताकद लागते तेवढी ह्या मशीनच्या स्प्रिंगमध्ये आणि फ्रेममध्ये बहुतेक वेळा नसते. ढिल्या सहा सुतीपेक्षा कडक चार सुती सरळ कापतं. विकणारा "रुंद घ्या, सरळ जाईल" म्हणतो तेव्हा हे लक्षात ठेवा.

जाडी, जिकडे कुणी बघत नाही

जुना नियम आहे: पट्टीची जाडी चाकाच्या व्यासाच्या हजाराव्या भागापेक्षा जास्त नसावी. ३५५ मिमीच्या चाकाला ०.३५ मिमी. बाजारात मात्र सर्रास ०.६ मिमीची पट्टी हातात पडते. ती लगेच तुटते असं नाही. पण गणित करा: लाकडाच्या बँडसॉवर पट्टी मिनिटाला साधारण ९०० मीटर धावते, म्हणजे २३७५ मिमीचं ब्लेड मिनिटाला ३८० फेऱ्या मारतं, आणि प्रत्येक फेरीत दोनदा वाकून दोनदा सरळ होतं. मिनिटाला साडेसातशेच्या वर वाकणी. जाडी वाढली की वाकण्याचा ताण त्याच प्रमाणात वाढतो. दात शाबूत असताना खोबणीच्या तळातून ब्लेड तुटलं, तर सांध्याला शिव्या देण्याआधी जाडी मोजा. ०.३५ ते ०.५ मिमीची पट्टी मिळत असेल तर तीच मागा.

ही वाकणी ह्या यंत्राचं जुनंच दुखणं आहे. इंग्लंडमध्ये विल्यम न्यूबेरी ह्यानं पट्टीच्या करवतीची कल्पना १८०८च्या सुमाराला पेटंट केली, पण सांधा टिकेना आणि पोलाद वाकणं सोसेना, त्यामुळे ती कित्येक वर्षं कागदावरच राहिली. १८४६मध्ये फ्रान्समध्ये क्रेपँ नावाच्या बाईंनी सांध्याचं पेटंट घेतलं, मग चक्र फिरलं.

धातू

साधं कार्बन स्टील स्वस्त, धार छान घेतं, तापलं की बोथटतं. शिकायला आणि वळणाच्या कामाला पुरेसं. बायमेटलमध्ये पाठ स्प्रिंग स्टीलची आणि दातांची कड हायस्पीड स्टीलची जोडलेली असते. महाग, पण जुन्या घराच्या वाशात लपलेला एखादा खिळा सोसून जाण्याची शक्यता असलेलं हेच. तिसरं कार्बाइडच्या दातांचं. ते मी एकाच कामाला सांगेन: तुम्ही रोज साग चिरत असाल तर. सागात सिलिका असते, बारीक वाळूच म्हणा. कार्बन स्टीलची धार सागावर दिवसभरात उतरते. मात्र कार्बाइडला ताण जास्त लागतो, आणि तो तुमच्या मशीनला झेपतो का हे आधी बघा.

माझ्या भिंतीवर तीनच ब्लेडं टांगलेली असतात. चार सुती तीन दात हुक, उभ्या चिरणीला. तीन सुती चार दात स्किप, रोजच्या कामाला, आणि वर्षातले बहुतेक दिवस मशीनवर हेच. दीड सुती दहा दात रेग्युलर, नक्षी आणि खेळण्यांना. सावंतवाडीच्या चितारआळीतली लाकडी खेळणी बघून कुणाला प्राणी-पक्षी कापायची हौस आली तर हे तिसरं ब्लेड आधी घ्या. पहिलं नंतर आलं तरी चालेल.

चढवताना

आधी प्लग काढा. नुसता स्विच बंद करून भागत नाही.

१. ताण पूर्ण सोडा. वरचे-खालचे गाइड आणि मागचे बेअरिंग ब्लेडपासून लांब सरकवा. हे न करता नवं ब्लेड चढवलंत तर ते जुन्या ब्लेडच्या जागेवर कोंबलं जातं आणि पुढचं सगळं चुकतं.

२. चाकांच्या रबरी टायरवर चिकटलेला भुसा काढा. बोटानं चाचपा, वाळलेल्या चिकाची एक गाठ राहिली तरी ब्लेड दर फेरीला उडी मारतं.

३. ब्लेड चढवा. टेबलाच्या बाजूला दातांचं टोक खाली हवं. दात वर बघत असतील तर ब्लेड उलटं नाही, आतलं बाहेर आलंय: दोन्ही हातांनी धरून पायमोजा उलटतो तसं उलटवा.

४. थोडा ताण द्या आणि वरचं चाक हातानं फिरवा. मागच्या नॉबनं चाक किंचित कलवत राहा, जोवर पट्टी टायरच्या उंचवट्याच्या मध्यावर धावत नाही. दहा-बारा फेऱ्या हातानंच. मग पूर्ण ताण, आणि परत फेऱ्या. ताण वाढला की पट्टी थोडी सरकते.

५. आता गाइड. बाजूचे गाइड खोबणीच्या तळाच्या जरा मागे असले पाहिजेत, दातांना लागले तर सेटिंग गेलंच. फट किती? दहाची नोट घ्या, ब्लेड आणि गाइडच्या मध्ये धरा, गाइड टेकवा, नोट ओढून काढा. सुमारे ०.१ मिमी. मागचं बेअरिंग मात्र थोडं लांब, अर्ध्या मिमीच्या आत. लाकूड नसताना ते फिरता कामा नये, लाकूड रेटलं की फिरलं पाहिजे.

६. टेबल गुण्याला लावा. गुण्यावर भरवसा नसेल तर एका जाड तुकड्याला अर्ध्यावर चीर द्या, तुकडा उलटा करून ती चीर ब्लेडच्या मागच्या बाजूनं ब्लेडवर सरकवा. अलगद बसली तर काटकोन आहे.

सगळी दारं लावून मगच मशीन चालू करा. तीन फेजची मोटर असेल आणि मध्ये लाइनवर काही काम झालं असेल, तर पहिल्यांदा क्षणभरच बटण दाबून फिरण्याची दिशा बघा. फेज बदललेली असली की ब्लेड खालून वर धावतं आणि लाकूड तुमच्या अंगावर उचलून देतं. माझ्याकडे एका पावसाळ्यात असं झालंय. नशिबानं टेबलावर लाकूड नव्हतं.

ताण किती

मशीनवरचा काटा स्प्रिंग किती दबली हे सांगतो, ब्लेड किती ताणलंय हे नाही. स्प्रिंग जुनी झाली की तो खोटं बोलतो. काही जण ब्लेड छेडून सूर ऐकतात. कान तयार असेल तर ठीक.

माझ्याकडे डिजिटल व्हर्नियर (बारीक माप घेणारा कॅलिपर) आहे, मी ते वापरतो. ब्लेडला ढिलाई जाण्यापुरता ताण द्या. व्हर्नियरचे जबडे १०० मिमीवर उघडून दोन छोट्या क्लॅम्पनी ब्लेडच्या सरळ भागावर पक्के करा, एक जबडा एका क्लॅम्पनं आणि दुसरा दुसऱ्यानं. व्हर्नियरचा स्क्रू मात्र ढिला. आकडा शून्य करा. आता ताण वाढवा. पोलाद ताणलं की लांबतं, आणि किती लांबतं हे ठरलेलं आहे. १०० मिमीला ०.०५ मिमी वाढ दिसली म्हणजे दर चौरस मिमीला सुमारे १० किलोचा ताण बसला. साध्या कार्बन ब्लेडला ०.०५ ते ०.०७ पुरे. बायमेटलला ०.०८च्या पुढे चालतं, पण त्याआधी मशीनची फ्रेम कुरकुरायला लागली तर तिथंच थांबा.

व्हर्नियर नसेल तर थरथरीची पद्धत. गाइड बाजूला, दारं बंद, मशीन चालू. ताण हळूहळू कमी करत जा. एका ठिकाणी ब्लेड डोळ्यांना दिसेल असं थरथरायला लागेल. तिथून ताण वाढवत थरथर थांबवा आणि वर पाव आटा द्या. अरुंद ब्लेडांना हे पुरतं. उभ्या चिरणीला मी ह्यावर विसंबत नाही.

काम संपल्यावर ताण सोडायचा की नाही ह्यावर लोक वाद घालतात. मी सोडतो, टायरला एकाच जागी खळगा पडू नये म्हणून. पण मग स्विचवर "ताण ढिला आहे" अशी पाटी लटकवतो. सोडलेला ताण विसरून सकाळी बटण दाबलं की ब्लेड चाकावरून उतरतं, आणि तो आवाज तुम्ही दुसऱ्यांदा ऐकायला तयार नसता.

पहिले काही काप

नव्या ब्लेडच्या दातांची टोकं सुईसारखी असतात. पहिल्याच दिवशी जोरात रेटलं तर ती टोकं झिजत नाहीत, तुटतात. पहिले पाच-सहा काप निम्म्या वेगानं, मऊ लाकडात घ्या. आंबा चालेल.

वळणाचं काम असेल तर आणखी एक करा. ब्लेडच्या पाठीचे दोन कोपरे मारून टाका: मशीन चालू ठेवून बारीक तेलदगड पाठीच्या कोपऱ्याला हलकेच टेकवा, मिनिटभर एका बाजूनं, मिनिटभर दुसऱ्या. गोल पाठीचं ब्लेड वळणात मुकाट्यानं फिरतं. ह्यात ठिणग्या पडतात, म्हणून आधी खालच्या कप्प्यातला भुसा पूर्ण काढा आणि नंतर पाच मिनिटं तिथंच थांबा.

कापताना

वरचा गाइड लाकडापासून एक बोट नाही, अर्धा सूत ते दोन सूत वर. जितकं ब्लेड उघडं तितकं ते वाकतं, आणि बोटांनाही तितकीच जागा मिळते. हातमोजे घालू नका. ब्लेड मोज्याला पकडतं आणि हाताला घेऊन जातं. शेवटचे तीन इंच ढकलकाठीनं.

रेटण्याचा वेग भुसा सांगतो. पिठासारखी पूड पडत असेल तर तुम्ही फार हळू आहात, दात कापण्याऐवजी घासतायत. भुसा दाणेदार, गरम नसलेला हवा. लाकूड काळं पडत असेल तर ब्लेड बोथट किंवा चीक चढलेलं.

वळणाच्या कापात आधी बाहेरून वळणाच्या रेषेपर्यंत आडव्या मोकळ्या चिरा देऊन ठेवा. मग मुख्य काप घेताना तुकडे आपोआप गळत जातात आणि ब्लेड अडकत नाही. अडकलंच तर मशीन चालू ठेवून लाकूड मागे ओढू नका, ब्लेड चाकावरून पुढे खेचलं जातं. बंद करा, चीर पाचरीनं उघडा, मग काढा.

गोल लाकूड, लाटण्याचा दांडा असो की फांदी, नुसतं टेबलावर ठेवून कधीही कापू नका. दात लागताच ते गरकन फिरतं. ठोकळ्यात इंग्रजी व्हीसारखी खाच पाडा आणि त्यात बसवून कापा.

फेन्स, म्हणजे फळी टेकवून सरळ सरकवायची टेबलावरची पट्टी, लावून कापताना चीर एका बाजूला पळत असेल तर तिला ड्रिफ्ट म्हणतात. आधी ब्लेड चाकाच्या मध्यावर आहे का बघा. निम्म्या वेळा तिथंच सुटतं. नसेल तर एका फळीवर कडेला समांतर रेघ मारा, फेन्स काढून हातानं रेघेवर कापत अर्ध्यावर थांबा. मशीन बंद. फळीची कड ज्या कोनात आहे ती पेन्सिलीनं टेबलावर ओढा आणि फेन्स त्या कोनात लावा. पण ब्लेड सतत एकाच बाजूला ओढत असेल आणि कालपर्यंत ओढत नसेल, तर त्या बाजूचे दात जास्त धारदार राहिलेत, दुसऱ्या बाजूला कशानं तरी मार बसलाय. बहुतेक खिळा.

खिळ्यावरून. जुन्या घराचे वासे आणि घराजवळचं झाड ह्या दोन्हींत खिळे असतातच. झाडात कपड्यांच्या दोरीचा, कुंपणाच्या तारेचा. चुंबक फिरवा. आणि टॅनिन, म्हणजे तुरट द्रव्य, असलेल्या लाकडात निळा-काळा डाग दिसला तर तिथं लोखंड आहे असंच समजा.

टक टक आवाज

मशीन चालू असताना ठरावीक टक टक ऐकू आली तर बंद करा, प्लग काढा, वरचं चाक हातानं फिरवा. टक चाकाच्या प्रत्येक फेरीला एकदा येत असेल तर दोष चाकात किंवा टायरमध्ये. चाकाच्या दोन फेऱ्यांनंतर थोडं पुढे एकदा येत असेल तर तो ब्लेडमध्ये, कारण ब्लेडची एक फेरी म्हणजे चाकाच्या सव्वादोनच्या आत-बाहेर फेऱ्या. त्या जागी सांधा नीट घासलेला नसेल तर बारीक कानशीनं घासून चालेल. केसाएवढी तडा दिसली तर ब्लेड उतरवा. "आजचं काम होऊ दे" म्हणून चालवू नका.

तडा कुठं आहे त्यावरून कारण कळतं. खोबणीच्या तळात असेल तर पट्टी जाड किंवा रेटा जास्त. पाठीकडून असेल तर मागचं बेअरिंग जखडलेलं किंवा सतत घासत होतं. सांध्याच्या शेजारी, सांध्यात नाही, तर वेल्डनंतर पट्टी मंद लाल करून सावकाश थंड केलेली नाही. तिथं पोलाद काचेसारखं ठिसूळ राहतं. हे घेऊन दुकानदाराकडे जा, तो नव्यानं सांधून देतो.

चीक, धार, गंज

बोथट झालं म्हणून फेकलेली निम्मी ब्लेडं नुसती मळलेली असतात. कोमट पाण्यात धुण्याचा सोडा विरघळवून ब्लेड अर्धा तास बुडवा, प्लास्टिकच्या ब्रशनं दाताच्या दिशेनं घासा, स्वच्छ पाण्यानं धुवा, लगेच पुसा, उन्हात वाळवा. मग शिलाई मशीनच्या तेलाचा पातळ हात. कोकणातल्या पावसात हा हात दर पंधरा दिवसांनी द्यावा लागतो, एरवी सांध्यापासून गंज धरतो. कापायच्या आधी मात्र तेल पुसा, पॉलिशला डाग पडतात.

तीन-चार दातांच्या ब्लेडला घरी धार लावता येते. ब्लेड मशीनवरच राहू द्या, सांध्याजवळच्या दाताला मार्करनं खूण करा. छोट्या रोटरी मशीनवर बारीक दगड लावून प्रत्येक दाताच्या फक्त पुढच्या तोंडाला एकसारखा स्पर्श, दोन सेकंद, पुढचा दात. २३७५ मिमीच्या तीन दातांच्या ब्लेडला सुमारे २८० दात होतात. चहाच्या आधी सुरू केलं तर चहाच्या वेळेला संपतं. दोन-तीन धारांनंतर सेटिंग कमी झालेलं असतं, चीर अरुंद होते, पट्टी घासायला लागते. मग ते ब्लेड गेलं. दहा-बारा दातांच्या ब्लेडला धार लावायच्या भानगडीत पडू नका.

घडी घालणं

नवीन माणूस ह्याला सगळ्यात जास्त घाबरतो. बूट आणि चष्मा घाला. हातमोजा इथं चालतो, मशीनवर चालत नाही. ब्लेडचं गोल उभं धरा, दात तुमच्यापासून लांब. खालचा भाग बुटाच्या टोकाखाली हलका दाबा. वरचा भाग एका हातानं धरा आणि मनगट एका दिशेनं फिरवत पूर्ण एक वळसा द्या, फिरवता फिरवता हात खाली जमिनीकडे न्या. ब्लेड आपणहून कोसळून तीन वेटोळी होतं. जोर लागत असेल तर तुम्ही उलट फिरवताय. दोन ठिकाणी मऊ तारेनं बांधा आणि चिठ्ठी लावा: रुंदी, दात, कधी चढवलं, कुठल्या लाकडाला. उघडताना तार सोडण्याआधी तोंड लांब करा आणि हात पूर्ण पुढे. वेटोळं स्प्रिंगसारखं उघडतं.

तुटलेली पट्टी भंगारात देताना फूट-दीड फुटाचे तुकडे करून, दात कापडात गुंडाळून द्या; उचलणाऱ्याच्या हातांचा विचार करा. कार्बन स्टीलच्या चार सुती पट्टीचा एक वीतभर तुकडा मात्र ठेवून घ्या. दात घासून टाका, एका टोकाला तिरकी धार काढा, घासताना निळं पडू देऊ नका, दर दोन सेकंदांनी पाण्यात बुडवा. दुसऱ्या टोकाला शिसमाच्या दोन चिपा रिबिटनं बसवा. खुणा करायची सुरी झाली. माझी सात वर्षं चालली आहे.